गमबूट घोट्याजवळ चिरलेत, घरी नीट होतील का?

निळी_छत्री
आई राजापूर तालुक्यात राहते. घरी दोन म्हशी, मागे परसू, आणि पावसाळ्याचे चार महिने पाय कायम शेणापाण्यात. तिच्या काळ्या गमबुटांना घोट्याच्या वर, चालताना जिथे घडी पडते तिथे, आडव्या चिरा गेल्यात. उजव्याची एक चीर बोटाच्या पेराएवढी आहे आणि आरपार गेलीय. डाव्याला नुसती बारीक जाळी पडलीय, आत पाणी अजून येत नाही.

नवीन घ्या असं कोणी सांगण्याआधीच सांगते. आईला ४ नंबर लागतो आणि तालुक्याच्या बाजारात ६ च्या खाली गमबूट मिळत नाही. मोठा बूट घालून शेवाळलेल्या कातळावरून गोठ्यात जायचं म्हणजे पडायचीच भीती. ऑनलाइन मागवलेला जोड पोटरीला इतका घट्ट बसला की तिला उकिडवं बसता येईना, परत पाठवला. हे जुने तिच्या पायाला बसलेत. गावातल्या सायकलवाल्याने ठिगळ लावून दिलं होतं, ते एका कडेने सुटत सुटत आठवड्यात निघालं.

नक्की काय लावायचं आणि कसं? की हे घरी होण्यासारखं कामच नाही?

सातबारा
वाचतोय. आमच्याकडेही दोन जोड माळ्यावर पडून आहेत.

टायरवाला
होण्यासारखं आहे ताई. माझं टायर-पंक्चरचं दुकान आहे, पावसाळ्यात असे बूट येतातच. ठिगळ सुटतं ते बहुतेक वेळा जागा नीट न घासल्यामुळे. सायकलची ट्यूब आतल्या हवेने फुगलेली असते, ती टायरला दाबली जाते आणि मध्ये ठिगळ पक्कं बसतं. बुटाला असा दाब मिळत नाही, उलट प्रत्येक पावलाला ती जागा दुमडते. म्हणून बुटाला ट्यूबपेक्षा जास्त मेहनत घ्यावी लागते.

आधी बूट साबणाने धुऊन पूर्ण एक दिवस वाळू द्या. आतलं अस्तर ओलं असेल तर बाहेरून कितीही कोरडा दिसला तरी काम करू नका. चिरेच्या दोन्ही टोकांना, चीर जिथे संपते अगदी तिथेच, पट्ट्याला भोकं पाडायच्या पंचने २-३ मिलीमीटरचं गोल भोक पाडा. भोक पाडायला सांगतोय म्हणून दचकू नका. चीर टोकदार जागेतून पुढे पळते, गोल भोकात तिची धाव थांबते. मग चिरेच्या चहूबाजूंनी दोन बोटं जागा जाडसर पॉलिश पेपरने घासा. वरची चकाकी पूर्ण जाऊन रबर मखमलीसारखं मऊ काळं दिसलं पाहिजे. भुकटी झटकून फडक्याला किंचित पेट्रोल लावून पुसा, अर्थात चुलीपासून आणि देवाजवळच्या दिव्यापासून लांब. पुसल्यावर त्या जागेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेलसुद्धा चिकट धरू देत नाही.

ठिगळ जुन्या ट्यूबचं कापलंत तर त्याचे कोपरे गोल करा. चौकोनी ठिगळ कोपऱ्यातूनच उचकटतं. ट्यूबला आतून पांढरी पावडर असते, ती धुऊन तीही बाजू घासून घ्या. आता पंक्चरचं सोल्युशन दोन्हीकडे पातळ लावायचं आणि थांबायचं. इथेच सगळे घाई करतात. बोटाच्या मागच्या बाजूने टेकवून पाहिलं की ओलं लागता कामा नये, नुसतं धरल्यासारखं वाटलं पाहिजे. मग दुसरा पातळ हात, पुन्हा थांबणं, आणि मगच ठिगळ मधून कडांकडे दाबत बसवायचं. बुटाच्या आत लाकडी ठोकळा धरून वरून हातोडीने सगळीकडे ठोका, कडांना जास्त. एक दिवस बूट घालायचा नाही.

परसदार
वाखु (वाचनखूण) साठवली! इतकं नीट कुणी सांगत नाही.

रसायनी
टायरवाला दादांची कृती उत्तम आहे, पण ती खऱ्या रबराच्या बुटाला. आज बाजारात गमबूट म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं पीव्हीसी असतं. पीव्हीसीला पंक्चरचं सोल्युशन लावलं की पहिले काही दिवस छान धरतं आणि मग कडेने लिबलिबीत होऊन सुटतं. निळी_छत्री, तुमच्या वर्णनात ठिगळ 'सुटत सुटत' गेलं असं आहे, म्हणून आधी बूट कशाचा आहे ते बघा.

कारण असं आहे. पीव्हीसी मुळात कडक असतं, नळाचा पाइप असतो तसं. ते बुटासारखं लवचीक व्हावं म्हणून त्यात तेलासारखे मऊ करणारे पदार्थ घालतात. ते हळूहळू पृष्ठभागावर येतात, रबरी गोंदाच्या थरात शिरतात आणि तो थर मऊ करून टाकतात. घासणं कितीही चांगलं केलं तरी हे थांबत नाही.

ओळखायचं असं: तळाला शिक्का असेल तर तो वाचा. नसेल तर बुटाची ठेवण बघा. पीव्हीसीचा बूट साच्यात एका दमात ओतलेला असतो, त्यामुळे पुढून मागून साच्याची बारीक रेघ दिसते. रबराचा बूट थरांवर थर चढवून केलेला असतो, तळाच्या कडेने वेगळी पट्टी असते आणि आत कापड रबराशी एकजीव झालेलं असतं. तरीही शंका राहिली तर गरम सुई न दिसणाऱ्या जागी टोचा. पीव्हीसी वितळून सुईला तार धरतं. रबर वितळत नाही, काळं पडतं आणि टायर जाळल्याचा वास येतो.

तांब्याची तार तापवून बुटाला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची, ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी, अशीही एक चाचणी आहे. ती क्लोरीन दाखवते. निओप्रीन नावाच्या रबरातही क्लोरीन असतो, तेव्हा निव्वळ हिरव्या ज्योतीवर निकाल देऊ नका. आणि हे सगळं अंगणात करा, पीव्हीसीचा धूर घशाला वाईट.

कातळसडा
विषय निघालाच आहे तर सांगतो, आमच्याकडे लावणीला कुणी गमबूट घालत नाही. चिखलणी झालेल्या खाचरात पाय घातला की चिखल बूट धरून ठेवतो, पाय वर येतो आणि बूट तिथेच. लावणीला अनवाणीच. गमबूट बांधावर, गोठ्यात आणि रात्री पाणी बघायला जाताना. फुरशांचा भाग आमचा, त्यामुळे काळोखात गवतातून जायचं तर बूट हवाच.

परसदार
@कातळसडा, आमच्या काकांचा एक बूट असाच खाचरात गेला. नांगरणीला वर आला, आत खेकडा सहकुटुंब राहत होता.

नाडीपरीक्षा
कातळसडा, अनवाणी लावणीबद्दल डॉक्टर म्हणून बोलल्याशिवाय राहवत नाही. कोकणात लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, दर पावसाळ्यात येतो. उंदरांच्या आणि गुरांच्याही लघवीतून जंतू पाण्यात-चिखलात येतात आणि पायाच्या भेगेतून, खरचटलेल्या जागेतून शरीरात शिरतात. खाचरात बूट चालत नाहीत हे मान्य. मग निदान पायाला जखम असताना चिखलात उतरू नका, आणि उतरावंच लागलं तर बाहेर आल्यावर साबणाने पाय धुवा. जखम घेऊन साचलेल्या पाण्यातून जावं लागलं असेल तर ताप यायची वाट न बघता ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. प्रतिबंधक गोळी असते. मनाने घेऊ नका, गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ती नेहमीची गोळी चालत नाही.

आता फाटक्या बुटाबद्दल. आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाव नसतो. पाय तासन्‌तास त्यात भिजतो, कातडी पांढरी आणि मऊ पडते, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, आणि मऊ पडलेल्या कातडीतून जंतूंना शिरणं सोपं जातं. तेव्हा चीर छोटी आहे, चालेल थोडे दिवस, असं करू नका. मधुमेही माणसाच्या पायाला तर अजिबातच नको.

निळी_छत्री
आईला गोड्या रक्ताचा त्रास आहेच. बरं झालं सांगितलंत. तोवर गोठ्यातलं काम भाऊ बघेल.

हातोडीछिन्नी
पीव्हीसी असेल तर गोंदाच्या भानगडीतच पडू नका, वितळवून सांधा. मी सोल्डरिंग आयर्नने करतो. चिरेच्या दोन्ही कडा एकत्र धरून आयर्नचं चपटं टोक फिरवायचं, वरून जुन्या पीव्हीसी बुटाची पट्टी भरणी म्हणून वितळवत जायची. ट्रकच्या ताडपत्र्या गरम हवेच्या गनने सांधतात, तत्त्व तेच.

रसायनी
@हातोडीछिन्नी, सांधा पक्का होतो यात वाद नाही. पण जास्त तापलं की पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. धूर निघायला लागला म्हणजे तापमान जास्त झालं, लगेच थांबा. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून नको, वारा आपल्याकडून बुटाकडे जाईल असं बसा.

हातोडीछिन्नी
वाऱ्याकडे पाठ केली की वारा माझ्याकडून बुटाकडेच जातो ना?

रसायनी
पाठीमागून येणारा वारा अंगाला अडतो आणि समोर भोवरा करून धूर तोंडाकडे आणतो. वारा बाजूने वाहील असं बसलेलं सगळ्यात चांगलं. वर नीट लिहायला हवं होतं, आता बाजूने बसा एवढंच धरा.

सातबारा
प्लंबरचं पाइप सोल्युशन चालेल का? घरात डबा आहे. आणि शेततळ्याच्या कागदाचा तुकडा उरलाय, त्याचं ठिगळ?

रसायनी
पाइप सोल्युशन पीव्हीसी विरघळवून चिकटवतं, पण वाळल्यावर कडक होतं. ते पाइपसाठीच केलंय, पाइप वाकत नाही. तळाजवळ किंवा टाचेला, जिथे बूट दुमडत नाही, तिथे चालून जाईल. घोट्याच्या घडीवर ते स्वतःच तडकतं. फेविक्विक आणि अॅराल्डाइटच्या जातीच्या गोंदांनाही हेच लागू. चांगले गोंद आहेत, पण रोज हजारदा वाकणाऱ्या जागेसाठी नाहीत.

शेततळ्याचा कागद सहसा पॉलिथिलीन असतो. त्याला कुठलाच घरगुती गोंद धरत नाही. ठिगळ त्याच जातीच्या मालाचं हवं, पीव्हीसीला जुन्या पीव्हीसी बुटाची नळी, म्हणजे घोट्याच्या वरचा भाग, सर्वांत उत्तम. आणि गोंद पीयूचा, म्हणजे बुटांच्या कारखान्यात सोल चिकटवायला वापरतात तो. दोन्हीकडे लावून वाळवायचा, मग हेअर ड्रायरने हाताला चटका बसेल इतका तापवून लगेच दाबायचा. गरम असतानाच तो धरतो.

वायरमन
एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. ठिगळ लावलेला गमबूट घालून लाइटच्या कामाला हात लावायचा नाही. ओल्या जमिनीवर उभं राहून मोटर बघायची, स्टार्टर उघडायचा, म्हणून पुष्कळ शेतकरी गमबूट चढवून जातात. साधा पावसाळी गमबूट त्यासाठी तपासलेला नसतोच. विजेच्या कामाचे बूट वेगळे, त्यांची ठरावीक व्होल्टेजवर चाचणी होते. त्यात चीर गेलेली, आत ओल आलेली, मग तर काहीच भरवसा नाही. आधी मेन बंद करा. बूट कुठलाही असो.

टायरवाला
वायरमन दादांना अनुमोदन.

द्राक्षबाग
फवारणीच्या बुटांनाही हाच नियम लावा. आमच्याकडे हंगामात औषध मारणं सारखंच चालू असतं. चिरेतून औषध आत गेलं की ते पायाशी तासन्‌तास राहतं, आणि अस्तरात मुरलं की धुऊन जात नाही. फवारणीचा बूट फाटला की मी तो सरळ काढून टाकतो. आणि पँट बुटात खोचू नका, बुटावरून खाली सोडा. खोचली तर अंगावरून ओघळलेलं सगळं बुटात उतरतं.

गोठ्यातला
काढून टाकू नका हो! घोट्याच्या वर फाटलेला साधा बूट नळीच्या खालून कापला की गोठ्यात घालायला छान आखूड बूट होतो. कापलेली नळी ठिगळांना. आमच्या घरी तर तिच्या पट्ट्या कापून दारांच्या बिजागरीला आणि बादलीच्या कडीला गुंडाळल्यात. औषधाचा बूट मात्र द्राक्षबाग म्हणतात तसा काढूनच टाकावा, त्याचं काही करू नये.

किवी_कोल्हापूरकर
न्यूझीलंडमध्ये डेअरीवर काम करतो. इथे गमबूट म्हणजे रोजचा पोशाख. उत्तर बेटावरच्या ताइहापे गावाने स्वतःला जगाची गमबूट राजधानी म्हणून घेतलंय. गावात पन्हाळी पत्र्याचा भला मोठा गमबूट उभा आहे आणि दरवर्षी गमबूट लांब फेकायच्या स्पर्धा होतात.

कामाचं सांगतो. इथे मिळणाऱ्या रबरी बुटांवर कधी कधी पांढुरकी भुकटी येते. लोक बुरशी समजून घासतात. ते बुरशी नसून रबरात मुद्दाम घातलेलं मेण असतं, ते हळूहळू वर येऊन रबराला हवेपासून जपतं. ते राहू द्यावं. चमक यावी म्हणून काही जण सिलिकॉनचा स्प्रे मारतात. दिसायला बूट नवा होतो, पण पुढे चीर गेली की त्यावर कुठलंच ठिगळ धरत नाही.

परसदार
गमबूट लांब फेकायची स्पर्धा असेल तर मावशीला पाठवते. तिचा नेम मांजरावर कधी चुकत नाही, आणि मांजराला कधी लागतही नाही.

रसायनी
@किवी_कोल्हापूरकर, मेणाचा मुद्दा फार महत्त्वाचा. नैसर्गिक रबर ताणलेल्या अवस्थेत असताना हवेतला ओझोन त्याच्या साखळ्या तोडतो, आणि चिरा ताणाच्या बरोबर आडव्या जातात. निळी_छत्रींच्या आईंच्या डाव्या बुटावर जी जाळी आहे ती अशीच दिसते. गमबूट दुमडून खोक्यात ठेवला तर घडी कायम ताणलेली राहते आणि न वापरताच तिथे चिरतो. इन्व्हर्टरशेजारी, मोटरशेजारी ठेवू नका, ठिणग्यांमुळे तिथे ओझोन जास्त असतो. ऊन नको, रॉकेल आणि डिझेल तर नकोच, रबर त्यात फुगतं.

टायरवाला
व्हल्कनायझिंगबद्दल कुणी विचारण्याआधी लिहितो. ट्यूबला हॉट पॅच लावायचं मशीन आमच्याकडे आहे. कच्च्या रबराचं ठिगळ ठेवून तापवून दाबलं की ते ट्यूबशी एकजीव होतं. रबरात गंधक घालून तापवलं की ते टिकाऊ होतं हे चार्ल्स गुडइयरने १८३९ साली शोधलं, त्याच तत्त्वावर हे चालतं. खऱ्या रबराच्या बुटाची नळी मशीनच्या पाटाखाली सपाट बसत असेल तर हे ठिगळ सगळ्यात मजबूत. पण घोट्याची जागा गोल आणि अस्तर कापडाचं, नीट दाब बसत नाही. आणि पीव्हीसीचा बूट चुकूनही त्यात ठेवू देऊ नका, वितळून पाटाला चिकटेल.

निळी_छत्री
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी गावी आले. सुई तापवून टोचली, तार आली नाही, टायरचा वास आला. तळाला वेगळी पट्टी आहे, आत कापड चिकटलेलं आहे. म्हणजे रबरच. सायकलवाल्याने लावलेल्या ठिगळाची जागा बघितली तर खालची चकाकी तशीच होती, जेमतेम एक-दोन रेघा ओढलेल्या.

टायरवाला दादांनी सांगितलं तसंच केलं. ठोकळा नव्हता, पाटा-वरवंट्यातला वरवंटा आत धरला. आईला तो बुटात गेलेला आवडलं नाही, पण नंतर धुऊन दिला. डाव्या बुटाच्या जाळीवर नुसता सोल्युशनचा हात पुरेल की तिथेही ठिगळ लावू?

टायरवाला
नुसता हात वाळून सोलवटून जाईल. पातळ ठिगळ लावा, पातळ म्हणजे सायकलच्या ट्यूबचं, स्कूटरच्या नको. जाड ठिगळ वाकत नाही आणि मग त्याच्या कडेला नवी चीर पडते. जाळीच्या पलीकडे सगळीकडून बोटभर जास्त घ्या. लावताना बूट किंचित पुढे वाकवून धरा, म्हणजे घडी पडते तेव्हा ठिगळावर ताण येणार नाही.

उजव्याची परीक्षा पायात घालून घेऊ नका. बूट घोट्याच्या वरपर्यंत पाण्याने भरून कागदावर उभा ठेवा, कागद भिजतो का बघा. बाहेरून लावलेल्या ठिगळाला आतलं पाणी बाहेर ढकलतं, म्हणजे ही परीक्षा वापरापेक्षा कडक आहे. गोठ्यात पाणी बाहेरून येतं, ते ठिगळ उलट दाबून धरतं.

नाडीपरीक्षा
परीक्षेनंतर बूट पूर्ण वाळल्याशिवाय आईंना देऊ नका. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि ओले झाले की बदला. आणि रोज संध्याकाळी पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करून बघायला सांगा. त्यांना स्वतःला दिसत नसेल तर भावाने बघावं. मधुमेहात जखम दुखत नाही म्हणून कळत नाही.

निळी_छत्री
रात्रभर पाणी भरून ठेवला, कागद कोरडा आहे. डाव्यालाही ठिगळ लावलं. भावाला पाय बघायचं काम दिलंय.

गोठ्यातला
छान! ४ नंबरच्या बुटासाठी शाळेच्या मुलांचे गमबूट बघा. त्या मापात मिळतात, नळी मात्र आखूड असते. गोठ्याला पुरते.

सातबारा
माळ्यावरचे दोन्ही जोड काढले. एक रबर, एक पीव्हीसी. पीव्हीसीला मधोमध साच्याची रेघ स्पष्ट आहे. पीयूचा गोंद हार्डवेअरवाल्याकडे नाही म्हणाला. कुठे मिळेल?

रसायनी
चपला-बुटांचा कच्चा माल विकणारं दुकान शोधा, सोल, बक्कल, रेक्झिन असं विकतात तिथे. नाहीतर तुमच्या भागातल्या मोचीकाकांना विचारा, ते कुठून आणतात ते सांगतील, बहुतेक वेळा स्वतःच्या डब्यातला देतीलही. डबा घेतलात तर तारीख बघून घ्या आणि झाकण घट्ट लावा, ओल लागली की तो बिघडतो. आणि काम करताना खिडक्या उघड्या ठेवा.